विसार कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यात आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर या गावी आमचा चार दिवस मुक्काम होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन अजून ओसरीवर आले नव्हते तोच, दोन गृहस्थ आमच्याकडे आले. एक कापसाचे शेतकरी, साठीच्या घरातले. दुसरा सुतार, वयाने त्यांच्या मुलासारखा. दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते आणि तरीही बरोबरच आले होते. यावरून भांडण पैशाचे असावे व ते अजून मिटण्याजोगे असावे, असा आम्ही तर्क केला. आणि तो खरा ठरला.

शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न किनवटकडील एका घरी ठरले होते. मुलीच्या नव्या संसाराला म्हणून वडिलांनी सुताराकडे सागवानी पलंग व कपाट करावयास सांगितले. खोलीची मापे दिली, पलंगाच्या डोक्याकडील फळीवर मोरांची जोडी कोरावयाची ठरली, किंमत 42,000 रुपये ठरली आणि 15,000 रुपये विसार म्हणून हातावर ठेवले. तीन आठवड्यांनी लग्न मोडले. ते कोणाच्या दोषाने मोडले हे येथे सांगण्याचे कारण नाही.

"फादर," शेतकरी म्हणाले, "तीन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. आता पलंग करायचा कोणासाठी? वस्तू मी घेतलेलीच नाही. माझे पंधरा हजार मला परत द्यायला सांगा याला."

सुतार खाली पाहून म्हणाला, "काका, तुमचं दुःख मला कळतं. पण करायला सांगितलं तुम्ही, आणि नको म्हटलं तेही तुम्हीच. मी लाकूड आणलं, कापलं, सहा दिवस राबलो. इसार म्हणजे इसार. काम मोडलं की तो बुडतो, ही जुनी रीत आहे."

दोघांचेही बोलणे ऐकताना खरे वाटत होते. एकाने न घेतलेल्या वस्तूचे पैसे का द्यावेत? आणि दुसऱ्याने न केलेल्या अपराधाचा भुर्दंड का सोसावा? असले प्रसंग आमच्या वाचकांच्या घरीही येतात. शिंप्याकडे माप दिलेला कोट, सोनाराकडे घडावयास टाकलेले मंगळसूत्र, आचाऱ्याला दिलेली जेवणावळीची आगाऊ रक्कम, मांडववाल्याचा बयाणा. काम मोडले की प्रश्न हाच उभा राहतो. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या सकाळी आम्ही तत्काळ निवाडा दिला नाही. त्याचे कारण आमच्याच आयुष्यातील एक चूक आहे, व ती आधी सांगितली पाहिजे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात नवे असता, देवळासाठी एक वाचनपीठ करावे असे ठरले. गावातील एका सुताराला आम्ही ते सांगितले व 3,000 रुपये आगाऊ दिले. महिनाभराने एका सज्जन कुटुंबाने शहरातून तयार वाचनपीठ आणून देवळाला अर्पण केले. आम्ही सुताराला निरोप धाडला की काम करू नये व रक्कम परत करावी. ते देवळाचे पैसे आहेत. आठ दिवसांनी तो आला व पूर्ण तीन हजार रुपये मोजून देऊन गेला. आम्ही त्याच्या प्रामाणिकपणाची प्रशंसा केली व वहीत रक्कम जमा केली.

पुढे दोन वर्षांनी त्याच्या घरी आजारी मनुष्याला भेटावयास गेलो असता स्वयंपाकघरातील एका फळीवर आमची दृष्टी गेली. भांडी मांडलेल्या त्या फळीच्या दर्शनी बाजूस क्रूस कोरलेला होता. एक बाजू पूर्ण, दुसरी नुसती पेन्सिलीने आखलेली. आम्ही विचारले, तेव्हा त्याने ओशाळून सांगितले की वाचनपीठाची ती पुढची फळी होय. लाकडाचे पैसे आधीच गेले होते. म्हणून आमची रक्कम त्याने मेहुण्याकडून उसनी आणून फेडली होती. "तेव्हा का सांगितलं नाहीस?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "फादर, तुम्ही हिशेब विचारला नाहीत. पैसे मागितले."

त्या उत्तराने आम्हांस जे शिकविले ते आठ वर्षांच्या सेमिनरीत आम्ही शिकलो नव्हतो. त्याचे जे देणे लागत होते ते आम्ही पुढे दिले. परंतु मेहुण्याच्या उसनवारीचे दोन वर्षांचे ओझे काही आम्हांस परत घेता आले नाही. म्हणून बाजारहत्नूरच्या ओसरीवर आम्ही प्रथम एवढेच म्हणालो, "आधी हिशेब पाहू."

हिशेबाकडे वळण्यापूर्वी 'विसार' या शब्दाकडे थोडे पाहू. कारण सुताराचा सारा आधार जुन्या रीतीवर होता. विसार किंवा इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेली रक्कम. बाजारहत्नूरच्या परिसरात बयाणा हा शब्दही चालतो व तेलुगू भाषिक शेजारीही तोच उच्चारतात. रीत खरोखरच फार जुनी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत अशा रकमेला 'सत्यंकार' म्हटले आहे, म्हणजे शब्द खरा करणारी वस्तू. आणि ती घेऊन जो फिरेल त्याच्याकडून दुप्पट वसूल करावी असा दंडक दिला आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात राहून या स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्याची दुसरी बाजूही उलगडून दाखविली: देणारा फिरला तर त्याने दिलेले जाते, घेणारा फिरला तर त्याला दुप्पट द्यावे लागते. आश्चर्य असे की इकडून हजारो कोस दूर, 533 साली, रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथातही विक्रीच्या विसाराबाबत नेमका हाच नियम सापडतो.

आता सुताराने रीतीचा अर्धा भागच सांगितला होता, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात आले असेल. विसार बुडतो हे त्यास ठाऊक होते. कारागीर फिरला तर दुप्पट द्यावे लागते हे मात्र आमच्याकडील बाजारपेठा विसरल्या आहेत. विसार ही दोन टोके असलेली दोरी आहे. ज्याच्या हाती रक्कम गेली तोही तिने तितकाच बांधला जातो.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हा शब्द अपरिचित नाही. देवाने आपल्या अंतःकरणात पवित्र आत्मा विसार म्हणून दिला, असे संत पौलाने करिंथकरांस व इफिसकरांस लिहिले, तेव्हा त्याने व्यापारपेठेतील हाच शब्द योजिला. पौल स्वतः तंबू करणारा कारागीर होता. आगाऊ रकमेचे मोल त्यास पुस्तकांतून शिकावे लागले नसेल. त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द आजच्या ग्रीक भाषेत वाङ्निश्चयाला, म्हणजे लग्न ठरविण्याच्या विधीला वापरला जातो. पुढचे सारे काही मी देईन, त्याची ही सुरुवात, असा त्यातील भाव आहे. घेणाऱ्याने गिळून टाकावयाची रक्कम असा अर्थ त्यात कोठेही नाही.

परंतु रीत व भाव यांवर न्याय पूर्ण होत नाही. आज देशाचा कायदा काय म्हणतो हेही पाहिले पाहिजे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग मुंबई राज्यात गेला. बोथकडील बाकीची गावे तेव्हा आंध्र प्रदेशात राहिली व 2014 पासून तेलंगणात आहेत. सोयरिकी मात्र सीमा ओलांडून अजून होतच असतात. नवरा मुलगा महाराष्ट्रातला, मुलगी व सुतार तेलंगणातले. पण करार मोडल्यावर काय करावे याविषयीचा 1872 चा भारतीय करार कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे.

त्या कायद्याच्या 73 व्या कलमाचे सार असे की करार मोडल्यामुळे जे नुकसान सरळ व स्वाभाविकपणे झाले तेवढ्याची भरपाई मिळते. आणि ते नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते योजिले की नाहीत हेही पाहिले जाते. 74 व्या कलमाचे सार असे की करारात दंडाची रक्कम आधी ठरविली असली तरी ती सरसकट मिळत नाही. त्या मर्यादेच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

विसाराच्या बाबतीत ही कलमे कशी लागू होतात हे सर्वोच्च न्यायालयाच्या काही जुन्या निकालांवरून चांगले समजते. 1963 साली निकाल लागलेल्या फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात दिल्लीतील एका घराचा सौदा 1,12,500 रुपयांना झाला होता. खरेदीदाराने 1,000 रुपये विसार व पुढे 24,000 रुपये दिले होते. सौदा मोडल्यावर विकणाऱ्याने सर्व 25,000 रुपये ठेवून घेतले. न्यायालयाने सांगितले की विसाराचे 1,000 रुपये ठेवण्यास हरकत नाही. परंतु पुढील 24,000 रुपये नुकसान दाखविल्याविना जप्त करता येणार नाहीत. घराच्या वापराचा हिशेब निराळा केला गेला.

1969 साली मौला बक्ष नावाच्या पुरवठादाराचा खटला निकालात निघाला. त्याने 1947 साली सैन्याला बटाटे, कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याचे दोन मक्ते घेतले होते व त्यांसाठी 10,000 व 8,500 रुपये अनामत ठेविली होती. पुरवठा नीट न झाल्याने सरकारने मक्ते रद्द करून अनामत जप्त केली. दोष पुरवठादाराचा होता. तरीही न्यायालयाने 18,500 रुपये परत करविले. बटाटे व अंडी बाजारातून घेताना किती जादा पैसे पडले हे सरकारला सहज दाखविता आले असते. ते दाखविलेच नव्हते. ज्याचे नुकसान मोजता येते त्याने ते मोजून दाखवावे, हा त्या निकालाचा आशय होय.

त्याच वर्षी हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या खटल्यात निकाल दुसऱ्या बाजूने लागला. विमानांच्या मोडीचा दहा लाखांचा सौदा होता, त्यात अडीच लाख विसार म्हणून दिलेले होते, सौदा मोडला तर ते जातील अशी अट होती आणि तो खरेदीदाराने मोडला होता. न्यायालयाने विसाराची जप्ती कायम ठेवली. पुढे 2015 साली, दिल्लीच्या एका भूखंडासाठी भरलेले 78 लाख रुपये विकास प्राधिकरणाने जप्त केले असता, सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती रद्द केली. करार मोडण्याचा दोष प्राधिकरणाचाच ठरला. शिवाय 3 कोटी 12 लाखांचा तो भूखंड पुढे 11 कोटी 78 लाखांना विकला गेला होता, तेव्हा नुकसान झाले म्हणावयाचे तरी कसे?

या सर्वांतून सामान्य माणसाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की आगाऊ दिलेला प्रत्येक रुपया विसार नसतो. शब्द पक्का करण्यासाठी दिलेली माफक रक्कम निराळी, व किमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम निराळी. कोणती कोणत्या नात्याने दिली हे कागदावर नसेल तर भांडण ठरलेलेच. दुसरी ही की ठेवून घेणाऱ्याने आपले नुकसान दाखवावे. 2020 च्या जुलैपासून अमलात आलेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ग्राहकाकडून अवाच्या सवा अनामत मागणे, अथवा करार मोडल्याबद्दल नुकसानीच्या मानाने भलताच दंड लादणे, हे अन्याय्य कराराच्या व्याख्येत घातले आहे. "विसार कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही" असे छापील वाक्य पावतीच्या तळाशी असले म्हणजे सारे संपले, असे दुकानदाराने मानू नये व गिऱ्हाइकानेही मानू नये.

येथवर वाचून गिऱ्हाइकांना समाधान वाटले असेल. म्हणून आता कारागिराची बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. तयार वस्तूचा दुकानदार आणि सांगून करवून घेतलेल्या वस्तूचा कारागीर यांत मोठा फरक आहे. दुकानातील खुर्ची एकाने नाकारली तर दुसरा नेतो. मापाचा कोट दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही.

याचे उत्तम उदाहरण जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच आहे. जैनूर मंडलातील उशेगाव येथील ओझा कारागीर पितळेच्या ओतीव वस्तू करतात. त्या डोकरा कामाला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गोंड समाजाच्या देवतांच्या मूर्ती व पूजेच्या वस्तू हे लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. आधी मातीचा गाभा करावयाचा, त्यावर मेणाच्या बारीक तारांनी सारी नक्षी घडवावयाची, वरून पुन्हा मातीचा लेप द्यावयाचा. भट्टीत तापविले की मेण वितळून निघून जाते व त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. ते निवाल्यावर साचा फोडावा लागतो. एका साच्यातून एकच वस्तू निघते. आता अशी वस्तू करावयास सांगून कोणी साचा फुटल्यावर "नको" म्हणाला, तर कारागिराच्या हाती काय राहिले? पितळ पुन्हा वितळविता येईल. मेणाच्या तारा वळण्यात गेलेले दिवस व भट्टीत जळालेले सरपण परत येणार नाही. अशा माणसाला "वस्तू मी नेलीच नाही, पैसे परत दे" असे म्हणणे म्हणजे त्याचे दिवस फुकट मागणे होय. मजुराची मजुरी आपल्याजवळ रात्रभर राहू देऊ नये, अशी जी आज्ञा पवित्र शास्त्रात आहे, ती येथे पुरतेपणी लागू पडते.

मग न झालेल्या नफ्याचे काय? काम पूर्ण झाले असते तर सुताराला चार पैसे सुटले असते, तेही गिऱ्हाइकाने द्यावेत काय? तेराव्या शतकात संत तोमास अक्विनास याने नुकसानभरपाईचा विचार करताना एक शेतकऱ्याला समजेल असे उदाहरण दिले आहे. एखाद्याने दुसऱ्याच्या शेतात पेरलेले बी उकरून टाकले, तर त्याने उभ्या पिकाची संपूर्ण किंमत द्यावी असे होत नाही. कारण पीक अद्याप हाती आले नव्हते व वाटेत अनेक विघ्ने संभवत होती. परंतु त्याने काहीच देऊ नये असेही नाही; माणूस व परिस्थिती पाहून काही दिले पाहिजे. हातचे गेलेले पूर्ण भरून द्यावे, अपेक्षेतले गेलेले तारतम्याने द्यावे, असा याचा मथितार्थ. कापसाच्या शेतकऱ्याला आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी प्रथमच मान हलविली.

आता त्या दिवशीचा हिशेब. आम्ही सुताराला लाकडाची पावती व कामाची वही आणावयास सांगितले. पावती होती, वही नव्हती, पण दिवस त्याला तोंडपाठ होते व शेजाऱ्यांनी ते खरे असल्याचे सांगितले. मग तिघेही त्याच्या शेडमध्ये गेलो आणि लाकूड डोळ्यांनी पाहिले.

सागवान 14,000 रुपयांचे आणले होते. त्यातील 6,000 रुपयांचे अद्याप अखंड होते. ते दुसऱ्या कामाला जसेच्या तसे लागणारे असल्याने त्यात नुकसान धरावयाचे नाही, हे सुताराने आपणहून कबूल केले. उरलेले 8,000 रुपयांचे लाकूड पलंगाच्या मापाने कापले गेले होते. ते लहान कामांना लागेल, पण त्याची किंमत आता 5,000 च्या वर नाही, असे ठरले. म्हणजे तूट 3,000 ची. मजुरी सहा दिवसांची, दररोज 800 प्रमाणे 4,800. आरागिरणी व गाडीभाडे मिळून 1,200. एकूण नुकसान 9,000 रुपये. बुडालेल्या नफ्याबद्दल विचारता तो म्हणाला की पुढच्याच आठवड्यात दुसरे काम मिळाल्याने हात रिकामे राहिले नाहीत. तेव्हा ते काही मागावयाचे नाही. पंधरा हजारांतून नऊ हजार वजा जाता सहा हजार रुपये परत करणे उरले.

आम्ही एक तोडगा सुचवून पाहिला की त्याच कापलेल्या लाकडाची दुसरी एखादी वस्तू करून घ्यावी, म्हणजे तूट आणखी कमी होईल. शेतकरी क्षणभर थांबले व म्हणाले, "मुलीच्या आईला ते लाकूड घरात नको आहे." त्यावर आम्ही पुढे काही बोललो नाही. मोरांची फळी सुताराने आधीच उलटी करून भिंतीला लावून ठेवली होती, हे आमच्या तेव्हा लक्षात आले.

सहा हजार रुपये सुताराजवळ एकरकमी नव्हते. कारागिराकडील आगाऊ रक्कम तिजोरीत पडून नसते, ती लाकडात व दाण्यात गेलेली असते, ही गोष्ट गिऱ्हाइकाने सदैव ध्यानात धरावी. तीन हजार लगेच व तीन हजार महिन्याने, असे ठरले. आम्ही ते एका वहीच्या पानावर लिहिले व दोघांनी सह्या केल्या. निघताना शेतकरी सुताराला म्हणाले, "धाकटीच्या वेळी तुलाच सांगेन." तो म्हणाला, "सांगा काका. पण तेव्हा आधी लिहून घेऊ."

ते आधी कसे लिहावे, हे सांगून हा लेख आम्ही पुरा करतो. वस्तू करावयास सांगताना एका कागदाच्या दोन प्रती कराव्यात, किंवा एकच प्रत करून दोघांनी मोबाईलमध्ये तिचे छायाचित्र ठेवावे. त्यात वस्तू, माप व लाकूड-कापड-धातू कोणता ते असावे. किंमत व देण्याची तारीख असावी. आगाऊ रकमेपैकी विसार किती व किमतीचा हप्ता किती हे वेगळे लिहावे. आणि काम मोडले तर काय, हे पायरीपायरीने ठरवावे. माल आणण्यापूर्वी कळविले तर, झालेला किरकोळ खर्च वगळून सर्व परत. माल आणला पण कापला नाही, तर नेण्या-आणण्याचा खर्च व भावातील तूट वजा. कापल्यावर कळविले तर मालाची तूट व झालेल्या दिवसांची मजुरी वजा. वस्तू पूर्ण झाली असेल तर कारागिराने ती महिना-दोन महिने दुसऱ्यास विकण्याचा खरा प्रयत्न करावा व ठरलेल्या किमतीत जेवढी तूट येईल तेवढीच ठेवून बाकी परत करावी. कारागीरच फिरला, किंवा वेळेवर देऊ शकला नाही व गिऱ्हाइकाला ती वस्तू मग निरुपयोगी झाली, तर सर्व रक्कम परत, व गिऱ्हाइकाचे जे प्रत्यक्ष नुकसान झाले तेही.

सोनार व शिंपी यांच्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी. सोने किंवा कापड गिऱ्हाइकाचे असेल तर ते त्याचेच राहते. कारागिराचा हक्क झालेल्या घडणावळीवर वा शिलाईवर. कारागिराने रोजच्या कामाची वही ठेवावी. नुकसान दाखविण्याचे त्याचे साधन तेच. गिऱ्हाइकाने काम नको असे ज्या दिवशी ठरेल त्याच दिवशी कळवावे. संकोचापोटी आठ दिवस गप्प राहिल्यास त्या आठ दिवसांची मजुरी आपल्याच माथी बसते. आणि समेट होतच नसेल तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क पडत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर दूरध्वनी करूनही सल्ला मिळतो. तथापि एकाच गावात उद्या पुन्हा एकमेकांचे तोंड पाहावयाचे असते. म्हणून शेजारच्या चार शहाण्या माणसांसमोर हिशेब मांडणे आम्हांस अधिक बरे वाटते.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी कोणाचा ना कोणाचा विसार घेतला असेल, कित्येकांनी तो परत मागून घेतला असेल, जसा आम्ही घेतला. या आठवड्यात अशा एका माणसाकडे जावे व "तुझा हिशेब काय झाला होता?" एवढे विचारावे. आमच्या सुताराच्या स्वयंपाकघरातील ती फळी अजून तेथेच आहे. आम्ही तिच्यासाठी योग्य ते मोल दिल्यावर त्याने ती देवळाला देऊ केली होती. परंतु घरधनीण म्हणाली की भांड्यांना दुसरी जागा नाही, तेव्हा आम्ही ती तेथेच राहू दिली.